शेवटचा आवाज ओळखायला: भेंड्या की चित्रकार्डं?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या वहिनींचा प्रश्न: लेक बालवाडीत आहे, शब्दाचा पहिला आवाज पटकन सांगते, शेवटच्याला अडते. कार्डांचा संच घ्यावा की नुसत्या भेंड्या खेळाव्यात?

खर्चात भेंड्या फुकट. कार्डं मेन रोडला मिळतील, पण जुन्या मासिकातली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली तरी भागतं. डब्यावरचं 'बुद्धी वाढते' वगैरे सोडून द्या.

खरी गोम मेहनतीत आहे. भेंड्यांत दोन कामं एकदम येतात: शेवटचा आवाज पकडायचा आणि त्यावरून नवा शब्द शोधायचा. चार वर्षांचं पोर दुसऱ्यातच अडकतं. शिवाय 'बाण', 'फळ' आले की पंचाईत. ण-ळ वरून शब्दच सुरू होत नाहीत, मग आपण न-ल वर भागवतो आणि ऐकवायचा तो आवाजच हरवतो. कार्डांत शेवटच्या आवाजाप्रमाणे चित्रांचे ढीग करायचे, त्यामुळे बाण आणि कान सरळ वेगळ्या ढिगांत जातात. (घरी 'ण'चा 'न' बोलत असाल तर हे ढीग तूर्त वगळा.) मात्र चित्र बघून पोरगी 'माठ'ऐवजी 'मडकं' म्हणाली की ढीग चुकतो, म्हणून चित्राचं नाव आपणच घ्यावं.

सुरुवात दोन्हींत 'बस', 'कान', 'फूल' अशा शब्दांनी करा. त्यांचा शेवट ताणून ऐकवता येतो, 'नाक'चा नाही.

शेवट ऐकूच येत नसेल तर कार्डं, सारख्या शेवटाच्या चार-पाच जोड्या पुरेत. तो कळतोय, शब्दसाठाही बरा आहे आणि रोज नाशिकरोडहून सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानक) बसचा प्रवास असेल, तर भेंड्या. ण-ळ आले की 'दुसरा शब्द दे' म्हणायचं.