स्टेनलेससाठी एम३५ ड्रिल आणि स्पायरल पॉइंट टॅप: वापरून झाल्यावर

३०४ स्टेनलेसच्या ६ मिमी पट्टीवर एम६ चे (६ मिमी स्क्रूचे) आटे पाडायचं काम माझ्याकडे सतत असतं. त्यासाठी घेतलेली ५ मिमीची एम३५ (कोबाल्ट मिसळलेलं हाय-स्पीड स्टील) ड्रिल पैसे वसूल आहेत. यात ५ टक्के कोबाल्ट असतं आणि ते आरपार धातूतच असतं, म्हणून पुन्हा धार लावली तरी गुण जात नाही. नुसत्या सोनेरी मुलाम्याच्या ड्रिलचं तसं नाही. टोक घासलं की मुलामा गेला. टोक १३५ अंशांचं, स्प्लिट पॉइंट (टोकाच्या मध्यावरही धार), त्यामुळे भटकत नाही.

पण ड्रिल कितीही भारी असो, स्टेनलेसला कुरवाळत बसलात तर ते जागीच कडक होतं आणि मग धार चकाकत नुसती फिरते. मी ७०० आरपीएमच्या आसपास ठेवतो, दाब सोडत नाही, कटिंग ऑइल सढळ हाताने. लांब, सलग चिप (धातूचा कीस) निघत राहिली की समजायचं, जमलं. (हातमोजे घालून ती ओढायला जाऊ नका.)

टॅपचा, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या हत्याराचा, अनुभव मात्र संमिश्र. स्पायरल पॉइंट चिप पुढे ढकलतो, त्यामुळे आरपार भोकात मागे-पुढे न करता सरळ उतरतो. बंद भोकात तीच चिप तळाशी साचते, तिथे चिप मागे वर काढणारा स्पायरल फ्लूट टॅपच हवा. पाकिटावर हा फरक कुठेच छापलेला नाही, याचा एक तारा कापला. आणि भोक ५.१ मिमी केलंत तर टॅपवरचा ताण बराच हलका होतो.