बेस्टच्या बसचा रिव्ह्यू: बसला चार स्टार, बस कमी करणाऱ्यांना अर्धा

आधीच सांगून टाकते, मी बेस्टची, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बससेवेची, गिऱ्हाईक आहे, फॅन पण आहे आणि सध्या बेस्ट वाचवायच्या सह्या पण गोळा करत फिरते, त्यामुळे हा रिव्ह्यू निःपक्षपाती वगैरे अजिबात समजू नका. रिक्षावाल्यांनी, मेट्रोप्रेमींनी आणि "गाडी घ्या ना सरळ" म्हणणाऱ्या भाऊजींनी आपापल्या जबाबदारीवर वाचावा.

पहिल्यांदा बसबद्दल, म्हणजे बस आल्यावर आत कसं वाटतं त्याबद्दल. मस्त वाटतं. नव्या इलेक्ट्रिक एसी गाड्यांना पायरी खाली असते, माझ्या सासूबाईंचे गुडघे म्हणजे नुसता त्रास, पण त्या एकट्या चढतात आणि चढल्या की हातातली पिशवी सीटवर ठेवून "ही माझी जागा" असं जाहीर करतात. मे महिन्यात दुपारी दोनला सायनच्या सिग्नलला अडकलात तरी आत गारेगार. कंडक्टर लोकांबद्दल तर एक वेगळा रिव्ह्यू होईल, सुट्ट्यावरून कटकट करतात, कबूल, पण कोणी म्हातारं माणूस चढत असेल तर डबल बेल देत नाहीत, आणि "पुढे सरका, पुढे सगळं रिकामं आहे" हे वाक्य पुढे मुंगीला जागा नसताना पण इतक्या विश्वासाने म्हणतात की आपण सरकतोच. चलो अ‍ॅपवर गाडी कुठे आलीय ते दिसतं, तिकीट काढता येतं, कार्ड पण आहे. वरच्या मजल्यावर बसायचं असेल तर २०२३ पासून इलेक्ट्रिक एसी डबल डेकर आल्यात, पण जुन्या लाल डबल डेकरच्या पुढच्या खिडकीतून तोंडावर येणारा वारा काही त्यात नाही, ती जुनी डिझेलवाली सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, त्या दिवशी माझ्या नवऱ्याने सेल्फी काढायला चक्क हाफ डे टाकला होता.

तर प्रवासाला चार स्टार. एक कापला तो गर्दीच्या वेळी दारात लोंबकळायला लागतं म्हणून, आणि त्यात गाडीचा काहीच दोष नाही, मागची गाडी असती तर लोंबकळायला लागलं नसतं.

आता किंमत. ९ मे २०२५ पासून तिकीट डबल झालं, साध्या गाडीचं ५ चं १० आणि एसीचं ६ चं १२. पाच किलोमीटरच्या पुढे एसीला २०, दहाच्या पुढे ३०, पंधराच्या पुढे ३५, वीसच्या पुढे ४०. दिवसाचा पास ६० चा ७५ आणि महिन्याचा ९०० चा सरळ १८००. तुम्ही म्हणाल १२ रुपयांत आज येतं काय, कटिंग पण १५ ला झाला, रिक्षात टेकलं की २६ आणि टॅक्सीत ३१. बरोबर आहे तुमचं. पण जी बाई तीन घरची धुणीभांडी करायला रोज जाऊन येऊन एसी बसने जाते तिचं महिन्याच्या सव्वीस दिवसांचं ३१२ चं ६२४ झालं, आणि तिचा पगार काही ९ मे ला डबल झाला नाही. एसी कशाला, साध्या गाडीने जा असं पण काही जण म्हणतात, अहो पण साध्या गाड्या राहिल्यात किती! बऱ्याच रूटवर येते तीच एसी. त्यात गंमत अशी की २०१९ च्या जुलैत हेच तिकीट ८ वरून ५ वर आणलं होतं आणि तेव्हा प्रवासी भराभर वाढले होते, म्हणजे स्वस्त केलं की लोक येतात हे यांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, बंगळुरात जून २०२३ पासून आणि दिल्लीत २०१९ पासून बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट, आणि आमच्या मुंबईत काय तर डबल. किमतीला अडीच स्टार, ते पण आधीच्या पाच रुपयांची आठवण ठेवून.

पण माझा खरा राग तिकिटावर नाहीच आहे. चांगली सेवा मिळणार असेल तर बारा काय पंधरा पण लोक देतील, कुरकुर करत देतील पण देतील. राग आहे तो गाड्या कमी करण्यावर. साधारण २०१० च्या आसपास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या, २०२५ मध्ये वेट लीजच्या, म्हणजे कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेल्या, धरून पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि त्यात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या म्हणाल तर काहीशेच. केंद्र सरकारच्याच निकषात दर लाख माणसांमागे ६० बस म्हणजे चांगली सेवा असं धरलंय, २०११ च्या जनगणनेची सव्वा कोटी लोकसंख्या धरली तरी साडेसात हजार गाड्या लागतात. करा वजाबाकी.

आणि हे "कपात" असं नाव देऊन कोणी करत नाही बरं का, म्हणून तर लोकांना कळायला इतकी वर्षं लागली. कुठेही बोर्ड लागत नाही की उद्यापासून तुमची बससेवा निम्मी. होतं काय, जुन्या गाड्यांचं आयुष्य संपतं, त्या भंगारात जातात, त्यांच्या जागी नव्या विकत घ्यायच्या नाहीत आणि कंत्राटदाराच्या गाड्या भाड्याने आणायच्या. याला वेट लीज म्हणतात, गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, मेंटेनन्स त्याचा, बेस्टने किलोमीटरवर पैसे मोजायचे. कागदावर स्वस्त. पण कंत्राटदाराला परवडेनासं झालं की तो आपल्या गाड्या घेऊन निघून जातो, आणि असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालंय, एकाच दमात शेकडो गाड्या रस्त्यावरून गायब. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा मुंबईकरांना पहिल्यांदा समजलं की लाल रंगाच्या आत मालक वेगळाच आहे. त्यांचं काय चुकलं सांगा, तेच काम, तोच रस्ता आणि कायम ड्रायव्हरपेक्षा किती तरी कमी पगार.

मग ९ डिसेंबर २०२४ ची रात्र, कुर्ला, ३३२ नंबरची बस गर्दीत घुसली. त्याबद्दल रिव्ह्यूच्या भाषेत लिहिणं बरं वाटत नाही म्हणून थोडक्यात लिहिते. नऊ माणसं गेली, ड्रायव्हर कंत्राटी होता, आणि मोठी इलेक्ट्रिक गाडी चालवायचं पुरेसं ट्रेनिंग त्याला दिलं होतं का हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. पण खापर फुटलं ते एका माणसाच्या डोक्यावर. ट्रेनिंग कोणी द्यायचं, तपासायचं कोणी आणि सही कोणाची, हे कंत्राटाच्या कागदात जिथे लिहिलेलं असतं तिथपर्यंत चर्चा गेलीच नाही.

इथे एक जुना हिशेब सांगते, कारण सह्या घेताना मी हाच सांगते आणि लोक पेन हातात घेतात. जानेवारी २०१९ मध्ये बेस्ट कामगारांनी नऊ दिवस संप केला होता, आठवत असेल. त्याच वर्षी जूनमध्ये युनियनशी करार झाला, वेट लीजच्या गाड्या येऊ द्या, बदल्यात बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राहतील. तीन हजार तीनशे सदतीस, हा आकडा पाठ करा. वेट लीजच्या गाड्या आल्या, स्वतःच्या मात्र कायम राहिल्या नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून एखाद्या सेक्रेटरीने असं केलं असतं तर लोकांनी त्याला लिफ्टमध्ये गाठलं असतं!

"पण बेस्ट तोट्यात आहे ना" हे वाक्य दर दहा माणसांत चार जण म्हणतात, आमच्या चाळीतले रिटायर्ड बँकवाले काका तर हटकून. तोटा आहेच, नाही कोण म्हणतं, रिटायर झालेल्या कामगारांची ग्रॅच्युइटी सुद्धा रखडली आणि त्या म्हाताऱ्या माणसांना आंदोलनं करायला लागली इतका आहे. पण बेस्ट शहरात वीज पण पुरवते, आधी त्या वीज विभागातून बसची तूट भरून निघायची, शहरातल्या वीजबिलात त्याचा वेगळा आकार असायचा, तो बंद झाला, बरं झाला, पण मग त्या जागी महापालिकेने कायमचा पैसा द्यायला हवा होता की नाही? २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं आणि त्यात बेस्टला १,००० कोटी. कोस्टल रोडला चौदा हजार कोटींच्या घरात खर्च केला, वर टोल पण नाही, तो रोड तोट्यात आहे असं कोणी म्हटलेलं ऐकलंय? मी काकांना हेच विचारलं. काका म्हणाले रस्ता ही सुविधा आहे. म्हटलं मग बस काय चैन आहे का. त्यांनी सही केली, पण तिकीटवाढ योग्यच आहे असं वर लिहून केली, चालतंय.

तर ही मोहीम. "आमची मुंबई आमची बेस्ट" नावाचा नागरिकांचा मंच बरीच वर्षं हे सगळं बोलतोय, त्यात प्रवासी आहेत, कामगार आहेत, शहराचा अभ्यास करणारे लोक आहेत. मागण्या साध्या आहेत, स्वतःच्या गाड्या वाढवा, बेस्टचा खर्च महापालिकेच्या बजेटमध्ये घ्या, बससाठी वेगळी लेन द्या, तिकीट वाढवू नका, डेपोच्या जमिनी बिल्डरांना देऊ नका. हा शेवटचा मुद्दा लोकांना सगळ्यात पटकन कळतो, मुंबईच्या माणसाला जमिनीचा भाव झोपेत पण माहीत असतो. डेपोवर टॉवर उभा राहिला तर रात्री गाड्या उभ्या कुठे करणार, चार्ज कुठे करणार? इलेक्ट्रिक गाडीला तर जागा जास्तच लागते.

मोहिमेचा पण रिव्ह्यू करते, सोडणार नाही. मुद्द्यांना पाच स्टार, अभ्यास पक्का आहे. भाषेला तीन. "सार्वजनिक परिवहनाचे खाजगीकरण थांबवा" असं पत्रक थांब्यावर उभ्या बाईच्या हातात दिलं तर ती त्याचा पंखा करते, तिला "तुमची पुढची गाडी कुठे गेली माहितीय का" असं विचारा, मग बघा कशी बोलायला लागते. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोनदा भांडण झालंय आणि अजून मिटलेलं नाही. बाकी मोहिमेचा अर्धा वेळ पत्र नेमकं कोणाला द्यायचं हे शोधण्यात गेला, कारण मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं ना नगरसेवक होते ना बेस्टचा कारभार बघणारी महापालिकेची बेस्ट समिती, सगळा प्रशासकाचा कारभार. तिकीटवाढ झाली ती याच काळात. समिती असती तर वाढ टळली असतीच असं नाही म्हणत मी, पण निदान कोणाला तरी आरडाओरडा करायला, सभात्याग करायला, पेपरात फोटो छापून घ्यायला तरी लागलं असतं.

लोक विचारतात आम्ही काय करायचं, तर सही सोडून पण एक काम आहे आणि ते कोणालाही जमतं. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. त्यात "बससेवा वाईट का आहे" असलं काही लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. लिहायचं असं की अमुक डेपोतून अमुक रूटवर अमुक महिन्यात रोज किती फेऱ्या ठरलेल्या होत्या, प्रत्यक्षात किती झाल्या आणि रद्द झालेल्यांची कारणं द्या. मग हातात आकडा येतो, आणि आकडा घेऊन नगरसेवकाकडे गेलं की तो चहा मागवतो, नुसती तक्रार घेऊन गेलं की उद्या या म्हणतो. थांब्यावर उभं असताना रूट नंबर आणि वेळ लिहून ठेवायची सवय लावा, मोबाईल हातात असतोच. आणि एका थांब्यावरच्या पाच जणांनी एकत्र अर्ज टाकण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या रूटचे टाका.

ही बस महापालिकेची म्हणजे आपली आहे हे नवीन पिढीला सांगायला लागतं, माझ्या मुलाला वाटत होतं ही पण कुठली तरी कंपनीच. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने ती गोऱ्यांच्या कंपनीकडून ताब्यात घेतली. ट्राम १९६४ ला बंद केली तेव्हा पण जागा अडवते, वेग नाही असंच म्हणाले होते म्हणे, आणि आता त्याच शहरात मेट्रोसाठी रस्ते खोदून दहा-दहा वर्षं पत्रे लावतात. मेट्रोशी माझं वैर नाही, स्टेशन छान आहे, पण स्टेशनपासून घरापर्यंत परत बसच लागते ना.

जाता जाता पासबद्दल, कारण विचारणारे विचारणारच. ७५ चा दिवसाचा पास घ्यायचा का? जवळजवळच्या १२ वाल्या फेऱ्या करणार असाल तर सात झाल्या तरच वसूल होतो, त्यापेक्षा सुट्टी तिकिटं बरी. लांबचं जाऊन येऊन असेल, समजा ३५ अधिक ३५, आणि मध्ये कुठे उतरून बँक, हॉस्पिटल, नातेवाईक असं काही असेल तर डोळे झाकून घ्या. महिन्याचा १८०० चा मात्र आधी कागदावर हिशेब मांडून मगच, रोज दोन वेळा २० रुपयांचं तिकीट काढणाऱ्याचे सव्वीस दिवसांचे होतात १०४०, त्याने पासच्या नादी लागू नये.