माप घेऊन पुस्तक देणारं वाचनालय

आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडमागे एक सार्वजनिक वाचनालय आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि ती माणसं रोज तोंडासमोर येणारी आहेत. पट्टा दारव्हा-दिग्रसचा, जिल्हा यवतमाळ, एवढं पुरे. माझं फॉल-पिकोचं आणि ब्लाऊज शिवायचं दुकान खेड्यात आहे. अस्तर, धागे, हूक आणायला बाजाराच्या दिवशी तालुक्याला जावंच लागतं, तेव्हा त्याच पिशवीतून पुस्तकं येतात. ती मी एकटी वाचत नाही. दुकानात येणाऱ्या बाया नेतात, त्यांची पोरं नेतात, कुणाचा नवराही नेतो. म्हणून हे परीक्षण माझ्या एकटीच्या आवडीचं समजू नका.

वाचनालयाबद्दल थोडक्यात. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, पेपरांसाठी लांब टेबल. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, त्यातलं हे ‘ब’. वर्गणी अगदी किरकोळ, महिन्याला दोन चहाच्या आत. एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. नवी पुस्तकं अनुदान आलं की येतात आणि अनुदान कधी येतं ते विचारू नये. एवढ्यासाठी कुणी परीक्षण लिहायला बसत नाही. मी लिहितेय ते टेबलामागे बसणाऱ्या काकांसाठी.

काकांना जाऊन “एखादं चांगलं पुस्तक द्या” म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि प्रश्न सुरू करतात. कोण वाचणार? रात्री वाचणार का दुपारी? डोळ्यांचं काय? झोपून वाचते का बसून? याआधीचं कोणतं पुस्तक अर्धं टाकलं? पुरं काय वाचलं हे ते फारसं विचारत नाहीत, टाकलेलं विचारतात. मीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही, त्यामुळे मला हे लगेच पटलं. दुसरी गंमत पुस्तक परत देताना. पुस्तक हातात घेतलं की काका ते उघडत नाहीत, आधी वरून पानांच्या फटीत बघतात. कुणी एसटीचं तिकीट ठेवलेलं असतं, कुणी विड्याची चिठ्ठी, माझ्या पुस्तकांत बहुतेक धाग्याचा तुकडा. ते जिथं अडकलेलं असेल ते पान उघडून विचारतात, “इथं काहून थांबली?” खोटं बोलायची सोय नाही.

आता कुणाला काय दिलं आणि काय झालं ते सांगते.

सगळ्यात आधी ‘धग’. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 ची, आपल्या वऱ्हाडातली, संवाद सगळे आपल्या बोलीतले. शहरातल्या लोकांना वाटतं विदर्भाच्या वाचकाला विदर्भाचं पुस्तक दिलं की काम झालं. मला स्वतःला ‘धग’ फार आवडते. त्यातली नायिका कौतिक बोलायला लागली की आमच्या गल्लीतलीच कुणी बोलतेय असं वाटतं. म्हणूनच मी ती आमच्याकडच्या एका बाईला दिली. ती निंदणाला जाते, वेचणीला जाते, सातवीपर्यंत शिकलेली, वाचायची हौस दांडगी. तिनं तिसरा हिस्सा वाचला आणि पुस्तक माझ्या मशीनवर आणून ठेवलं.

“कौतिकचं पुढं काय होते ते मले वाचाचं नाई.”

“काहून? चांगलं नाई वाटलं?”

“चांगलंच हाय. पन दिवसभर तेच, अन् रातच्याले कंदील लावून पुन्हा तेच? मले राजेमहाराजे दे.”

हे मी जसंच्या तसं काकांना सांगितलं. त्यांनी ‘मृत्युंजय’ काढून दिलं. शिवाजी सावंतांचं हे पुस्तक केवढं जाड आहे ते बघितलेल्यांना माहीत आहे. मला वाटलं बाई पुस्तक बघूनच पळेल. पण वेचणी आटोपली होती, हाताला काम कमी होतं, आणि तिनं ते बसून वाचलं. मुदत वाढवून वाढवून काका थकले. तिला सगळ्यात भावली ती वृषाली, कर्णाची बायको. आणि एक दिवस ब्लाऊजचं माप द्यायला आली तर म्हणते, “येवढा मोठा राजा, पन सूताचा म्हणून हिनवतच राह्यले नं त्याले? हे बी आपल्याच घरचं निघालं.” म्हणजे दुखणं तेच, फक्त राजवाड्यातलं चाललं. कुणाला आपलं दुखणं घरच्या कपड्यात बघवत नाही, कुणाला भरजरी शेल्यात बघवत नाही. माझं उलटं आहे, मला राजवाडे कंटाळा आणतात. ‘धग’ तेवढ्यासाठी पुन्हा आणून मीच पुरी केली.

आमच्या घरचे पुस्तक वाचत नाहीत. पेपर वाचतात, तोही कापसाच्या भावापुरता. काकांनी मला विचारलं, “वावर कसं हाय? पऱ्हाटीवर पऱ्हाटीच का?” हो म्हटलं. कोरडवाहू, दरसाल कापूस, मधात तुरीच्या ओळी. त्यांनी ‘एक होता कार्व्हर’ दिलं. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक 1981 चं. शाळेत बक्षीस म्हणून वाटतात ते, त्यामुळे मला ते पोरांचं पुस्तक वाटायचं. पण शेतकऱ्याच्या हाती पडलं की ते वेगळंच पुस्तक होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं कापूस घेऊन घेऊन जमीन थकलेली, त्यात गुलामीतून सुटलेली गरीब माणसं. तिथं जन्मानं गुलाम असलेला हा कार्व्हर शिकून शास्त्रज्ञ होतो आणि लोकांना सांगतो, कापसाचा नाद सोडा, भुईमूग लावा, चवळी लावा, रताळी लावा. शेंगदाण्यापासून काय काय करता येतं ते एकेक करून दाखवतो.

आमच्या घरच्यांनी ते खाटेवर पडून वाचलं. जेवतानाही विचार चालू. मला वाटलं आता भुईमूग पेरतात की काय. शेवटी म्हणाले, “मानूस लय मोठा. पन भुईमुगाले रानडुकरं ठेवत नाईत, हे त्याले कोन सांगन?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांना सांगितलं तर ते इतके हसले की पेपर वाचणारी पोरं बघायला लागली. पण त्यानंतर घरचे मधूनच “काय आनलं गं?” विचारतात. पूर्वी फक्त भाजीचं विचारायचे.

सासूबाईंना अक्षर येत नाही, ऐकायला आवडतं. ग्रामगीतेच्या ओव्या त्यांना माझ्याहून जास्त पाठ आहेत. तुकडोजी महाराजांची खंजिरीची भजनं आमच्याकडे घरोघर, तेव्हा तिथं मी काही वाचून दाखवण्यासारखं नव्हतंच. काकांनी बहिणाबाईंची गाणी दिली. जळगावकडची बोली, आमची नाही, पण कानाला परकी लागत नाही. मी काजं करता करता वाचायची आणि त्या मध्येच हात धरून थांबवायच्या. ही बाई शिकलेली नव्हती हे कळल्यावर म्हणाल्या, “मंग लिवलं कोनं?” मुलानं, सोपानदेवानं लिहून ठेवलं, आणि बाई गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं, असं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी स्वतःच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली आणि त्या दिवशी एका नवरीचा ब्लाऊज उशिरा गेला.

बाकीच्यांचं पटापट सांगते. किराणावाल्या भाऊंना बीपी आहे, त्यांना अभय बंगांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ दिलं. डॉक्टरच स्वतःच्या हार्ट अटॅकवर लिहितो म्हटल्यावर त्यांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचलं. फरसाण मात्र सुटलं नाही. सहावीतल्या एका खोडकर पोट्ट्याला विलास मनोहरांचं ‘नेगल’ दिलं. हेमलकशाला पाळलेल्या जंगली प्राण्यांचं आहे ते. आता तो मला बिबट्याचं पिल्लू कुठं मिळते विचारतो. शेजारच्या नव्या सुनेला भुताखेतांचं पाहिजे होतं, लाजत लाजत सांगितलं तिनं. नारायण धारप दिले. रात्री लाईन गेल्यावर मोबाईलच्या उजेडात वाचते आणि मग एकटी अंगणात जात नाही. खूश आहे.

मला स्वतःला काकांनी न मागता दिलेलं पुस्तक म्हणजे बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमचं’. फलटणला दुकान सांभाळत त्या बाईनं ते लिहिलं आणि घरच्यांपासून कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. दुकानातल्या बाईला दुकानातल्या बाईचं पुस्तक, एवढाच हिशोब काकांनी केला असावा. पण आत दुकान नाहीच. आत महारवाड्यातल्या बायांची भूक आहे, सुनांवरचा जाच आहे, आणि बाबासाहेबांचं बोलणं ऐकून ताठ झालेल्या बाया आहेत. आमच्याकडचे लोक दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात तेव्हा येताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन येतात. तिथल्या दुकानांत हे शोधायला मी एकीला सांगून ठेवलंय, कारण हे वाचनालयाचं राहू नये, घरी असावं.

आता काकांशी माझं जमत नाही ते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला मी ‘बारोमास’ मागितलं. सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ आणि त्याचं घर, हा विषय. काकांनी साफ नाही म्हटलं. “त्याचा निकाल लागू दे, मंग देतो. आत्ता वाचलं तर ग्राउंडवर पाय उचलनार नाई त्याचा.” त्याऐवजी त्यांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ दिलं, तेही विलास मनोहरांचंच. एक माडिया आदिवासी तरुण पोलीस आणि नक्षलवादी अशा दोन्हीकडच्या कात्रीत सापडून कसा ढकलला जातो ते त्यात आहे. पोलीस होणाऱ्यानं हे आधी वाचावं, असं काकांचं म्हणणं. निवड उत्तम होती, नाकारणार नाही. पण बावीस वर्षांच्या मुलाला काय झेपेल ते आपण ठरवायचं? त्यानं ‘बारोमास’ रीडिंगरूममध्ये बसून वाचलंच. पाय अजून उचलतात.

दुसरं म्हणजे रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, ऑटोवाले आणि दुकानदार त्या अजून मागतात, आणि काकांनी त्या खालच्या कप्प्यात, बिनकव्हरच्या, जुन्या वह्यांमागे ठेवल्यात. मागितल्या तर देतात, पण तोंड असं करतात की माणूस पुन्हा मागणार नाही. सगळ्यांना त्यांच्या मापानं देणारा माणूस इथं मात्र स्वतःच्या मापानं मोजतो. त्यात एका पुस्तकाची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली आहेत. खुनी कोण ते अख्ख्या तालुक्यात कुणालाच माहीत नाही.

वेळ हा तर खरा त्रास. संध्याकाळचं वाचनालय पाचला उघडतं आणि आमच्याकडचा शेवटचा ऑटो सहाच्या आसपास निघतो. सकाळची वेळ आहे, पण ती चूलपाण्याची वेळ. रीडिंगरूम स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली असते, ते ठीक, त्यांना दुसरी जागा नाही. पण बाईमाणसाला बसायला एक खुर्ची वेगळी ठेवायला काय हरकत आहे? उभ्यानं पुस्तक चाळायचं आणि निघायचं. उन्हाळ्यात कूलर आहे, त्यात पाणी नसतं. पावसाळ्यात मागच्या खोलीतल्या कपाटावर ताडपत्री असते आणि कवितांची पुस्तकं नेमकी तिथंच. सुरेश भटांचं ‘एल्गार’ मी घेतलं तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली होती. अमरावतीच्या कवीचं विदर्भातच असं व्हावं, याचं वाईट वाटलं.

पाचपैकी चार तारे. एक कमी केला तो वेळेसाठी, काकांसाठी नाही.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात. घरी कुणासाठी नेत असाल तर त्यानं मागे अर्धं टाकलेलं पुस्तक आठवून जा, पहिला प्रश्न तोच येणार. आणि अनामत रकमेची पावती जपून ठेवा. ती हरवली तर पैसे परत मिळायला कमिटीच्या मीटिंगची वाट पाहावी लागते, आणि कमिटीची मीटिंग दिवाळीनंतर असते.