पांढऱ्या शर्टातला चोर आणि आमच्या बोळातला कॅमेरा

सांगलीत गावभागात आमचा बोळ इतका अरुंद आहे की रिक्षा आत आली की समोरच्यानं मुकाट्यानं कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. त्याच बोळात माझी मोटारसायकल रात्रभर उभी असते. मार्च-एप्रिलमध्ये तीनदा कुणीतरी पाइप ओढून पेट्रोल काढून नेलं. तिसऱ्या वेळी पाइप परत लावायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. मग बायको म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढलेत, आता एकदा चोराचा काढा."

म्हणून हा कॅमेरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते या किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू पडतं. दोन मेगापिक्सेल, वायफायवाला, बाहेर बसवायचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात 'नाइट व्हिजन ३० मीटर'. कॅमेरा २,८५०, चौसष्ट जीबीचं कार्ड वेगळं, बसवायचे ६००. पाच महिने वापरतोय.

माझा फोटो स्टुडिओ होता. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासून, डार्करूममध्ये हात हायपोच्या रसायनात बुडवून काम केलेला माणूस मी. २०१९ च्या पुरात निगेटिव्हची कपाटं गेली आणि धंदाही तिथंच थांबवला. हे सांगायचं कारण, 'कॅमेऱ्याला अंधारात दिसतं' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. अंधारात कुठल्याच कॅमेऱ्याला काही दिसत नाही. हा बेटा स्वतःचा फ्लॅश घेऊन बसलेला असतो आणि तो रात्रभर चालू ठेवतो. फक्त तो उजेड इन्फ्रारेड असतो, तुम्हाआम्हाला दिसत नाही, एवढाच डाव आहे.

ज्यांनी डार्करूम पाहिली असेल त्यांना पटकन कळेल. तिथं लाल दिवा लावून आम्ही प्रिंट काढायचो. ब्रोमाइड पेपरला लाल उजेड कळत नाही, त्यामुळं पेपर खराब होत नाही आणि आपल्याला मात्र सगळं दिसतं. इथं नेमकं उलट. उजेडाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला त्याच्याही पलीकडचं, हजाराच्या आसपासपर्यंत दिसतं. लेन्सभोवती जे बारके एलईडी असतात ते ८५० चा उजेड टाकतात. म्हणजे आता पेपर मी झालोय आणि बघणारा तो.

खात्री करायची असेल तर रात्री मोबाइलचा सेल्फी कॅमेरा त्या एलईडींकडं धरा. माझ्या मोबाइलमध्ये ते जांभळट पांढरे ढणढण पेटलेले दिसतात. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर विझत आलेल्या उदबत्त्यांसारखे लाल ठिपके दिसतात तेवढेच. समोरच्यांचा नातू त्याला 'राक्षसाचे डोळे' म्हणतो. हे ठिपके नको असतील तर ९४० नॅनोमीटरवाले कॅमेरे मिळतात, ते अजिबात दिसत नाहीत. पण त्या उजेडाला सेन्सर मंद असतो, त्यामुळं पल्ला घटतो. मी ८५० च ठेवला. चोराला लाल ठिपके दिसले तर बिघडलं कुठं?

संध्याकाळी सातच्या सुमारास कॅमेऱ्यातून 'टक्' असा आवाज यायचा. पहिल्या दिवशी बायकोला वाटलं, काहीतरी तुटलं. आत लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये एक इवलीशी काच असते. दिवसा ती हा अदृश्य उजेड अडवते, नाहीतर रंग बिघडतात. अंधार पडला की एक छोटी मोटर ती काच बाजूला सरकवते, एलईडी पेटतात आणि चित्र काळंपांढरं होतं. सकाळी पुन्हा 'टक्'. आमच्या घरी देवापुढं दिवा लावायची आठवण त्या आवाजानं व्हायची.

आता चोराकडं येतो.

मे महिन्यात एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो आला. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला पांढरी टोपी. गाडीशी वाकला आणि मग वर बघितलं, अगदी कॅमेऱ्यात. चेहरा म्हणजे नुसता पांढरा लोळ. फ्लॅशच्या तोंडाशी आलेल्या माणसाचं जे होतं तेच. माझी मात्र घाई झाली. सकाळी क्लिप बोळाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'पांढरा शर्ट, पांढरी टोपी, ओळखा.' आता आमच्याकडं पहाटे दूध घालायला येणारं पोरगं रोज पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी घालून येतं. नऊ वाजेपर्यंत निम्म्या बोळानं त्याला चोर ठरवून टाकलं.

पोरगं दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभं राहिलं. "काका, मी त्या रात्री मिरजेला मामाकडं होतो. विचारा पाहिजे तर." डोळ्यात पाणी होतं.

त्या रात्री मी अंगणात दोरी बांधली आणि कॅमेऱ्यासमोर घरातले कपडे वाळत घातल्यासारखे लावले. माझी काळी सुती टोपी, पुतण्याचं काळं जॅकेट, जे ट्रॅकवर पळताना घालतात तसलं चकचकीत, बायकोची गर्द जांभळी साडी, माझा निळा शर्ट आणि एक खरोखरचा पांढरा बनियन. मोबाइलवर बघतो तर जॅकेट आणि बनियन शेजारी शेजारी, दोन्ही पांढरे. साडी फिकट राखाडी, तिचे काठ कुठं गेले पत्ता नाही. टोपी तेवढी थोडी काळपट राहिली. पुष्कळशा कपड्यांचा रंग आपल्या डोळ्यापुरताच असतो. या उजेडाला तो रंग अडवत नाही, खालचा धागा उजेड परत फेकतो आणि काळं कापड पांढरं दिसतं. मूर्ख मी. इन्फ्रारेड फिल्मवर झाडांची पानं पांढरीशुभ्र येतात हे मला पंचवीस वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आमच्या वृंदावनातली तुळस या कॅमेऱ्यात रोज रात्री बर्फ पडल्यासारखी दिसत होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पोराची माफी मागितली, ग्रुपवरही मागितली. तेव्हापासून ते पहाटे आलं की कॅमेऱ्याकडं बघून हात हलवतं आणि विचारतं, "काका, आज कुठल्या रंगाचा दिसतोय?" रात्रीच्या काळ्यापांढऱ्या चित्रावरून कपड्याचा, गाडीचा रंग कुणाला सांगू नका. पोलिसांनाही नको. माणसाची चण, चाल, हातातली वस्तू एवढंच सांगा. दिवाळीत बायकोनं दारात सात रंगांची रांगोळी घातली तर ती रात्री एकाच राखेची दिसणार, हे तिला मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

बसवणाऱ्याबद्दल. पोरगा कामाला चलाख होता, पण त्यानं कॅमेरा पत्र्याच्या वळचणीखाली अगदी भिंतीला चिकटवून लावला. "काका, पावसाचं टेन्शन नाही बघा. तीस मीटर आरामात दिसतंय." रात्री बघतो तर डावीकडं चुन्याची भिंत झगझगीत आणि बोळ काळाकुट्ट. लग्नात फ्लॅश मारताना ऐनवेळी कुणाचा तरी फेटा पुढं यायचा, फेटा दुधासारखा यायचा आणि मागची नवरी अंधारात जायची. तसंच हे. जवळच्या भिंतीवर सगळा उजेड आपटतो, कॅमेरा त्या भिंतीच्या हिशोबानं चित्र मंद करतो आणि लांबचं बुडतं. मी स्वतः शिडी लावून तो वळचणीपासून दोन हात पुढं घेतला, लोखंडी पट्टी लावून. त्याच कॅमेऱ्यात बोळाच्या तोंडापर्यंत दिसायला लागलं. खिडकीच्या काचेआडून लावायचा विचार असेल तर सोडून द्या. काच त्याचाच उजेड त्याच्या तोंडावर फेकते.

तीस मीटरचं म्हणाल तर मी टेप घेऊन मोजलं. बायको पुढं चालत राहिली, मी मोबाइलवर बघत. पाच मीटरवर तिचा चेहरा स्पष्ट. आठवर ती आहे हे कळतं, कारण ती माझी बायको आहे. अनोळखी माणूस असता तर पैज लावली नसती. बारा मीटरवर एक बाईमाणूस, एवढंच. तीसवर काहीतरी हलतंय. फ्लॅशचा नियमच आहे, अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा उरतो. खोक्यावरचा आकडा म्हणजे 'हललेलं कळेल' इतकाच धरा. चेहरा पाहिजे असेल तर त्याचा पाचवा-सहावा हिस्सा.

आणि पळणारा माणूस असेल तर तेही विसरा. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर हळू करतो, म्हणजे एकेका चित्रासाठी जास्त वेळ उजेड गोळा करतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सायकलवाला अर्धा पारदर्शक होऊन जातो, मागचा खांब त्याच्या अंगातून दिसतो. सेटिंगमध्ये 'स्लो शटर' बंद करता येतं. चित्र थोडं काळवंडतं, दाणेदार होतं, पण माणूस माणसासारखा राहतो. मी बंद केलंय.

गाडीचा नंबर रात्री मिळेल अशी आशा मला होती. नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, आलेला उजेड थेट परत फेकते, त्यामुळं पाटीच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. शेजारच्या मांजराचे डोळे त्याच्या खालोखाल. दोन दिवे चालत येतात आणि मागून मांजर येतं.

शेजारच्या वहिनींची समजूत होती की हा कॅमेरा अंगातली ऊब बघतो. त्यांच्यासमोर प्रयोग केला. एक किटली उकळत्या चहाची, एक थंड पाण्याची, दोन्ही पायरीवर ठेवल्या. दोन्ही सारख्याच दिसल्या. मग पेटती उदबत्ती ठेवली, तिचं टोक तेवढं चांदणीसारखं उठून दिसलं, कारण निखारा इतका तापलेला असतो की त्यातून हा उजेड बाहेर पडतो. माणूस काही निखारा नव्हे. ऊब बघणारे थर्मल कॅमेरे निराळे, ते ८ ते १४ मायक्रॉनवर, म्हणजे याच्या दहापट आणि पुढच्या लांबीच्या लहरींवर चालतात. त्यांची किंमत ऐकून वहिनींनी तो चहा पिऊन टाकला.

जून-जुलैत कॅमेऱ्यानं डोकं उठवलं. लेन्सपासून वीतभर अंतरावर पडणारा प्रत्येक थेंब त्या उजेडात दोऱ्यासारखा चमकतो. कॅमेऱ्याला वाटतं कुणी आलं. एका रात्री मोबाइल १४३ वेळा वाजला. पाऊस थांबला तर कोळ्यानं एलईडीच्या पुढंच जाळं विणलं. ते जाळं वाऱ्यानं हललं की पडद्यावर पांढरं धोतर फडफडल्यासारखं. आता दर रविवारी जुन्या लेन्सचा ब्रश बांबूला बांधून फिरवतो. सूचना फक्त माणूस दिसला तरच, असं सेटिंग केलंय. मांजरं सुटली, पण छत्रीवाला माणूस अजूनही त्याला माणूस वाटत नाही.

पुराच्या दिवसांचं इथल्या लोकांनी मनात धरावं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, हे आमच्याकडं पोरांनाही पाठ. घर सोडून वर जायची वेळ आली तर कॅमेरा घर राखेल, असं मला वाटायचं. पण पाणी आलं की लाईट बंद करतात, आणि ते करायलाच हवं. घरातला इन्व्हर्टर कॅमेऱ्याला पुरतो, पण राऊटर त्यावर नसेल तर मोबाइलवर काही येत नाही. मी आता दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत, माळ्यावर. किती तास टिकतं ते पाणी ठरवेल.

रंगीत नाइट व्हिजनवाला घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. त्यात पांढरा दिवा असतो, रंग येतात, चेहराही बरा येतो. पण आमच्या बोळात तो दिवा थेट समोरच्यांच्या झोपायच्या खोलीत जाईल. शिवाय पावसाळ्यात किड्यांचं लग्न लागेल. मी निराळं केलं. दाराच्या वर कोपऱ्यात साधा पाच वॉटचा एलईडी बल्ब लावला, उजेड खाली पडेल असा पत्र्याचा टोप करून. तेवढ्या उजेडात कॅमेरा 'टक्' करतच नाही, रात्रभर रंगीत चालतो. खर्च दीडशे रुपये. बल्ब लावल्यापासून पेट्रोलही गेलेलं नाही, त्यामुळं श्रेय कॅमेऱ्याला द्यायचं की बल्बाला यावर घरात वाद आहे.

दुकानदार तुम्हाला पाच, आठ मेगापिक्सेलचा दाखवेल. दिवसा बरा. पण सेन्सर तेवढाच ठेवून मेगापिक्सेल वाढवले की एकेका ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो, आणि रात्री तिथंच मार बसतो. खोक्यावर लेन्सचा एफ आकडा बघा. १.६ हा २.० पेक्षा चांगला, आकडा लहान तेवढी लेन्स उघडी. सेन्सरचा आकारही विचारा. दुकानदाराला तो माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा खोक्यावरच्या तीस मीटरसाठी कापला, एक ॲपसाठी, जे दर आठवड्याला पैसे भरून क्लाउड घ्या म्हणून मागं लागतं. मागच्या दारासाठी दुसरा हाच घेणार आहे. बसवणारं पोरगं पुन्हा ६०० मागतंय. शिडी माझ्याकडं आहे, पट्टी उरलेली आहे, भिंतीवर खडूनं खूणही करून ठेवलीय.