आफ्टर इफेक्ट्स २२ वरून २५ वर: मी विसर्जनापर्यंत का थांबले

“ताई, प्रोजेक्ट पंचवीसमध्ये सेव्ह झालाय. तुमच्याकडे उघडेल ना?” २०२५ च्या जुलैअखेर अंधेरीहून एका एडिटरचा फोन आला. तो बोलत होता आफ्टर इफेक्ट्सबद्दल, पडद्यावरची हलती अक्षरं-चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल. त्याच्याकडे आवृत्ती पंचवीस, माझ्याकडे बावीस. आफ्टर इफेक्ट्सच्या नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत उघडत नाही. पाठवणाऱ्याने ‘सेव्ह अ कॉपी ॲज’ करून मागच्या आवृत्तीत काढून दिली तर उघडते, पण तेही एखाद-दुसरं पाऊलच मागे जातं. त्याने मग प्रत्येक लेयर (चित्राचा एकेक थर) अल्फासकट, म्हणजे पारदर्शक भाग जपून, प्रोरेस ४४४४ या स्वरूपाचा पक्का व्हिडिओ म्हणून रेंडर करून पाठवला, मी ते इकडे जोडले. काम निभावलं. पण ॲस्टनमधलं (पडद्याखालच्या नावाच्या पट्टीतलं) एक नाव बदलायचं तरी पुन्हा त्यालाच फोन. त्याच आठवड्यात ठरवलं, आता या प्रश्नाचा निकाल लावायचा.

मी गिरगावात घरूनच काम करते. वाहिन्यांचे प्रोमो, मालिकांची टायटल्स, ॲस्टनची पॅकेजेस, आणि श्रावण लागला की गणपती मंडळांच्या एलईडी पडद्यांचं काम. २०२१ पासून २२ वरच होते.

पैशांचा प्रश्न इथे जवळजवळ नाही. क्रिएटिव्ह क्लाउडचा हप्ता भरत असाल तर नवी आवृत्ती त्यातच येते. २०१२ च्या सीएस६ पर्यंत सॉफ्टवेअर विकत घ्यायचं आणि पुढच्या आवृत्तीला पुन्हा पैसे मोजायचे, तेव्हा माणूस दहादा विचार करायचा. आता बटण दाबलं की झालं, आणि म्हणूनच विचार करायचा राहून जातो.

माझा तसा राहिला होता. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर २२ आलं, दिवाळी आठवड्यावर होती आणि माझ्या हातात दिवाळीचा प्रोमो होता. कामाच्या मधेच मी अपडेट केलं. दिव्यांभोवतीच्या ठिणग्या ज्या प्लगइनमधून (दुसऱ्या कंपनीच्या जोड-सॉफ्टवेअरमधून) केल्या होत्या, ते प्लगइन नव्या आवृत्तीत चालेना; ज्या कंपनीचं होतं, तिची सुधारित आवृत्ती दिवाळी उलटून गेल्यावर आली. जुनं आफ्टर इफेक्ट्स तर अपडेट होताना निघून गेलं होतं, कारण ‘जुन्या आवृत्त्या काढा’ या चौकोनातली खूण मी काढलीच नव्हती. अर्धा दिवस जुनी आवृत्ती पुन्हा उतरवण्यात गेला, आणि प्रोमो ऑटो-सेव्हमधल्या आदल्या रात्रीच्या फाइलवरून परत उभा केला. तेव्हापासून माझा नियम आहे: हातात काम असताना अपडेट नाही.

म्हणून या वेळी आधी लॅपटॉपवर २५ टाकलं. वर्गणीत दोन मशीनवर सॉफ्टवेअर ठेवता येतं, फक्त एका वेळी एकावरच वापरायचं. जुन्या प्रोजेक्टच्या प्रती काढल्या आणि रोज रात्री तासभर त्यांवर हात फिरवला.

रेंडरसाठी म्हणून कोणी २२ वरून उडी मारणार असेल तर मी सांगेन, घाई नको. प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमना लावणारं मल्टी-फ्रेम रेंडरिंग २२ मध्येच आलंय. त्याच्याही मागे असाल तर मात्र आजच विचार करा.

मला ओढून नेलं ते प्रिव्ह्यूने, म्हणजे पक्कं रेंडर करण्याआधी काम चालवून बघण्याने. एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल. ८ बिट रंगखोलीत अल्फा धरून प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. म्हणजे फ्रेममागे साधारण ८ एमबी. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २०० एमबीच्या वर आणि मिनिटाला १२ जीबी. मंडळाचा पडदा ४केचा असेल तर हे सगळं चौपट, मिनिटाला जवळपास ५० जीबी. १६ बिटमध्ये गेलात की पुन्हा दुप्पट. माझ्या मशीनमध्ये रॅम ३२ जीबी! जुन्या पद्धतीत डिस्कवर साठवलेली फ्रेमसुद्धा आधी रॅममध्ये यावी लागायची, मगच चालायची. त्यामुळे रॅममध्ये मावलेल्या फ्रेम दाखवणारी हिरवी पट्टी जिथे संपली तिथे प्रिव्ह्यू संपला.

आगमनाचा व्हिडिओ दीड मिनिटाचा असतो. ढोलाचा ठेका हळूहळू चढत जातो आणि शेवटच्या टोलावर पडदा उघडून मूर्तीचा चेहरा दिसायला हवा. हे तुकड्या-तुकड्यांत बघून जमत नाही. पहिल्या ठेक्यापासून सलग बघितलं तरच शेवटचा कट अर्धा सेकंद उशिरा पडतोय हे कळतं. एप्रिल २०२५ च्या २५.२ पासून प्रिव्ह्यू रॅमबरोबर वेगवान डिस्कवरूनही चालतो. मी गेल्या वर्षीच्या आगमनाची प्रत उघडली, एकदा सगळी कॅश होऊ दिली (तयार फ्रेम साठवू दिल्या) आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड पाहिली. त्या एका दीड मिनिटात माझा निर्णय झाला.

पण डिस्क तशी हवी. वरचाच हिशेब लावा: ४केला सेकंदाला ८०० एमबीहून जास्त. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशेच्या आसपास देते, सॅटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत. एनव्हीएमई ही आणखी वेगवान जातीची एसएसडी, ती त्याच्या कितीतरी पट. मी लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक टीबीची एनव्हीएमई आणली आणि ती फक्त कॅशसाठी ठेवली आहे. मशीनमध्ये रॅम १६ जीबीच असेल तर मात्र आधी रॅमवर खर्च करा.

दुसरी गोष्ट मॅटची, म्हणजे दुसऱ्या लेयरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या लेयरची. २२ पर्यंत मॅटचा लेयर बरोब्बर वरच असावा लागायचा. मूर्तीच्या एका कटआउटवर मी मागचा प्रकाश, धूर, गुलाल आणि सावली अशा चार गोष्टी बांधते. म्हणजे त्याच कटआउटच्या चार प्रती. मंडळाने “ताई, मुकुट जरा मोठा दाखवा” म्हटलं की चारही बदला. २३ पासून कुठलाही लेयर कुठूनही मॅट म्हणून निवडता येतो, आणि एकच मॅट हवा तितक्यांना. माझ्या कॉम्पमधले (एका दृश्याच्या मांडणीतले) लेयर निम्म्यावर आले. एच.२६४ या छोट्या फाइलच्या स्वरूपातला व्हिडिओसुद्धा २३ पासून थेट रेंडर क्यूमधून (आफ्टर इफेक्ट्समधल्या रेंडरच्या यादीतून) काढता येतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवायच्या कच्च्या प्रतीसाठी मीडिया एन्कोडर हे वेगळं सॉफ्टवेअर उघडावं लागत नाही. दिवसातून पाच वेळा वाचणारं काम आहे हे. २४ मध्ये हलत्या चित्रातून माणूस किंवा वस्तू कापून वेगळी काढणारा रोटो ब्रशही नवा झाला. ढोलवाल्याच्या हातातल्या टिपरूचा ब्लर मी अजून हातानेच मास्क करते, तिथे मला माझ्या डोळ्यांचाच भरवसा वाटतो.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची तपासणी देवनागरीची. नवी आवृत्ती टाकली की मी एक ओळ टाइप करते: ‘वाऱ्यावर, दर्या, दऱ्या, श्रद्धा, कर्तृत्व, किल्ली’. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र नीट आला का, ‘किल्ली’ची पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसली का, हे पाहते. २५ मध्ये मुक्ता आणि बलू या दोन्ही फॉन्टमध्ये ओळ अचूक आली. हे दोन्ही आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले आणि सर्वांसाठी खुले आहेत. श्रीलिपीतले (युनिकोडआधीच्या देवनागरी फॉन्टमधले) जुने प्रोजेक्ट असतील तर नव्या मशीनवर ते फॉन्ट आठवणीने टाका, नाहीतर नावांच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. ॲनिमेशन मी अक्षरागणिक न लावता शब्दागणिक लावते, काना-मात्रा जागच्या जागी राहतात.

फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचाही विचार केला होता. ते दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच येतं, मोफत आवृत्तीतही, आणि नोडची (एकेक क्रिया तारांनी जोडत जायची) पद्धत ताकदीची आहे. एकट्याने सगळं करणाऱ्याने जरूर बघावं. माझ्याकडे मात्र आठवड्याला दोन-तीन आफ्टर इफेक्ट्सच्या फाइल बाहेरून येतात.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. ७ तारखेला दुपारी डेस्कटॉपवर २५ टाकलं. चौकोनातली खूण काढली आणि २२ शेजारी तसंच ठेवलं. क्रिएटिव्ह क्लाउडमधून चालू आणि त्याच्या लगतची मागची आवृत्तीच मिळते, त्यामुळे २२ एकदा काढलं की परत मिळायची खात्री नाही. प्लगइन एकेक करून टाकले, प्रत्येकानंतर एक प्रोजेक्ट उघडून पाहिला. वाहिनीचं चालू ॲस्टन पॅकेज २२ मध्येच आहे. त्याचा नवा सेट बनेल तेव्हाच ते हलवेन. अंधेरीच्या एडिटरला त्याच संध्याकाळी कळवलं, “आता पंचवीसचीच फाइल पाठव.”