स्टेअरिंग काटताना कट-कट: लोकल जॉइंट टिकला, बुटाने मात्र दगा दिला

गाडी सगळ्यांच्या ओळखीचीच, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी पेट्रोल हॅचबॅक. मायलेज, डिकी, एसी यांवर भरपूर लिहून झालंय, त्यात मी भर घालत नाही. मला सांगायचंय ते स्टेअरिंग काटताना येणाऱ्या आवाजाबद्दल, आणि त्याहून जास्त एका रबरी बुटाबद्दल, म्हणजे पुढच्या चाकाजवळच्या एक्सलच्या सांध्यावर ग्रीस आत ठेवणाऱ्या घड्यांच्या रबरी कव्हराबद्दल.

मी राळेगाव तालुक्यातला. आमचे रस्ते एका गाडीपुरतेच. समोरून ट्रॅक्टर किंवा कापसाची बंडी आली की आपलं डावं चाक खाली उतरवावं लागतं. खाली कडेला वाळलेल्या पऱ्हाट्यांचे खुंट, आणि शेतात जायचं तर पांदण. मृगाच्या आधी उजवीकडे वळताना कट-कट सुरू झाली. सरळ रस्त्यावर काहीच नाही, चौकात वळून थोडी रेस दिली की हमखास.

जिल्ह्याच्या ठिकाणी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या माणसाने गेटपर्यंत एक चक्कर मारली आणि स्टेअरिंगची अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली. खर्च तीस हजारांच्या आतबाहेर. गाडी लिफ्टवर चढवली नाही, चाकामागे बॅटरी मारून पाहिलं नाही. याचा राग मला अजून आहे. वीस मिनिटं खाली वाकून पाहण्याचे पैसे मी आनंदाने दिले असते.

तिथून निघालो तो थेट ४४ नंबरच्या हायवेवर, वडकीकडच्या एका मिस्त्रीकडे. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, आवाज उभ्या गाडीत येते का चालत्या?" तो प्रश्न माझ्या मते तीस हजारांचा आहे. उभ्या गाडीत नुसतं स्टेअरिंग फिरवून आवाज आला तर तो सीव्ही जॉइंटचा (चाक वळलेलं असतानाही त्याला इंजिनाची ताकद पोचवणारा एक्सलचा सांधा) नाही, कारण चाक फिरल्याशिवाय जॉइंट वाजत नाही. तेव्हा शॉकपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग पाहायचं, नाहीतर स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा. खड्ड्यात खडखड होत असेल तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी धरून ठेवणारा सांधा). गाडी चालती, चाक पूर्ण काटलेलं, थोडा पिकअप दिलेला, आणि चाकाच्या गतीबरोबर कट-कटही वाढते, तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा सीव्ही जॉइंट.

मोकळ्या मैदानात त्याने स्टेअरिंग पूर्ण काटून गाडी हळूहळू दोन्ही बाजूंनी गोल फिरवली. उजवीकडे फिरताना आवाज वाढला, म्हणजे बहुधा डावा जॉइंट, कारण भार बाहेरच्या चाकावर येतो. मग गाडी उचलून खाली स्टँड लावला (नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरू नका) आणि चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली ढिलाई असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, आडवी असेल तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगची ओढ चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक). यात हयगय नको. सीव्ही जॉइंट तुटला तर गाडी जागीच थांबते, बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. माझ्याकडे ढिलाई नव्हती. पण डावा बूट घडीत फाटलेला होता आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं होतं.

"दोन आवाज हायेत भाऊ, कट-कट वेगळी अन् टण वेगळी," असंही तो म्हणाला.

बाहेरच्या जॉइंटमध्ये ६ गोळ्या असतात. सरळ चालताना त्या आपल्या खाचेत जवळपास जागेवर राहतात, चाक काटलं की प्रत्येक फेऱ्याला पुढे-मागे सरकतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि काळी माती आत. ती माती ओली असताना चिकटते, वाळली की दगड होते. खाचेत खड्डे पडले की गोळी प्रत्येक वेळी त्यावरून वाजते. वाजायला लागलेल्या जॉइंटमध्ये नवं ग्रीस भरून आवाज काही दिवस दबतो, जॉइंट सुधारत नाही. जुनी गाडी घेताना बुटावर एकदम नवी क्लिप दिसली तर गोल फिरवून पाहाच.

नागपूरहून ट्रॅव्हल्सने लोकल कंपनीचा जॉइंट मागवला, ओरिजिनलच्या निम्म्याहून कमी दरात. मागवताना एक्सलचे दाते मोजून घ्या, आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची रिंगही जुळवा. जॉइंट बसला, कट-कट थांबली. "लोकल माल घ्या, काही होत नाही," असं मी तेव्हा दोन-तीन जणांना सांगितलंही.

आता ते मत मी अर्धं बदलतोय. दसऱ्याच्या सुमारास त्याच डाव्या रिमच्या आत पुन्हा ग्रीसची रेघ दिसली. जॉइंट ठणठणीत होता, पण त्यासोबत आलेला बूट एका पावसाळ्यातच घडीघडीला चिरला होता. रबर हाताला कडक लागत होतं. मूळ कंपनीचा उजवा बूट कित्येक वर्षांचा असून नरम आहे. आणि संताप याचा की बूट बदलायला तेवढीच मजुरी लागते जेवढी जॉइंटला लागते. हब खोला, एक्सल सोडवा, सगळं तेच. बुटात वाचवलेले तीन-चारशे रुपये मजुरीत दुपटीने गेले. जॉइंट पेट्रोलने धुऊन सुकवला, सीव्हीचं मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस भरलं, ओरिजिनल बूट आणि लोखंडी क्लिप लावली. गॅरेजवाला प्लास्टिकची टाय ओढून देत असेल तर गाडी खाली उतरवू देऊ नका.

टण आवाज शॉकपच्या माउंटिंगच्या बेअरिंगचाच निघाला. स्प्रिंग अडकून एकदम सुटत होती. तेही बदललं, अलाइनमेंट करून घेतली, स्टेअरिंग पहिल्यापेक्षा हलकं झालं.

सध्या वेचणी सुरू आहे, गाडी रोज पांदणीतून जाते आणि वळताना काहीही वाजत नाही. रविवारी टायर धुताना दोन्ही बुटांच्या घड्यांत बोट फिरवून पाहतो. उजवा अजून शाबूत आहे, तरी त्याचं ओरिजिनल किट आणून ठेवलंय.