ऑइल प्रेशरसाठी उद्यमनगरातला मिस्त्री

माझ्या जुन्या महिंद्रा जीपमध्ये दुसरीकडून प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. करूळ घाटात रेस दिली की ऑइलचा काटा खाली यायचा. त्या गॅरेजवाल्याने दोनदा ऑइल पंप बदलला, फरक शून्य.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या या मिस्त्रींनी आधी ऑइलचा दाब थेट मोजणारा मेकॅनिकल गेज जोडला. म्हणाले, "पंप झिजला असता तर गरम इंजिनाच्या आयडलला, रेस न देता, काटा पडला असता. तुमचा रेसला पडतोय, म्हणजे पंपाला ऑइलच पुरत नाही." चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवलं. पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीला खालून शाडूचा गोळा चिकटवला, चेंबर परत कसलं, पुन्हा काढलं. शाडू कागदासारखा पातळ! पुढच्या अ‍ॅक्सलला लागू नये म्हणून चेंबर कापून उथळ केलेलं, पण पंपाचा सक्शन पाइप तेवढाच लांब ठेवलेला. जाळी तळाला टेकत होती.

पाइप छोटा करून ब्रेझिंगने (धातू वितळवून) जोडला, जाळीखाली आठ मिलिमीटर जागा ठेवली, ओ-रिंग नवी. माझाच जुना पंप परत बसवला, उगाच नवा गळ्यात मारला नाही. पाच दिवस लागले, फोन सहसा उचलत नाहीत, प्रत्यक्षच जा. परवा घाट चढलो, काटा चाळीस पौंडांवरून हलला नाही.